उलटे ओघळ

पाटी खरी की नक्कल, हे ठरवताना ती आधी डोळे मिटते. पाहणाऱ्यांना हे नाटक वाटते. त्यामागचे कारण मात्र अगदी साधे आहे. जुन्या पेट्रोल पंपांवरच्या पाट्या रंगवलेल्या नसत, भाजलेल्या असत. काच दळायची, पाण्यात कालवायची, लोखंडी पत्र्यावर चढवायची आणि भट्टीत वितळवायची. दुसरा रंग हवा असेल तर पत्रा पुन्हा भट्टीत जाई. त्यामुळे खऱ्या पाटीवर एका रंगावरून दुसऱ्या रंगावर बोट नेले की मध्ये एक बारीक पायरी लागते. डोळ्यांना ती दिसतेच असे नाही. बोटाला ती चुकत नाही.

लोक तिला पाटीमावशी म्हणतात. वय एकोणसत्तर. वयाच्या अठराव्या वर्षी ती एनॅमलच्या कारखान्यात लागली आणि तो बंद पडेपर्यंत तिथेच होती. पुढे जुन्या पाट्या जमवणारे हौशी लोक निघाले, आणि त्यांच्या पाठोपाठ नकला करणारेही. एका भंगारवाल्याने दुकानात मोठ्या दिमाखात टांगलेली पाटी पाहून ती सहज म्हणाली होती, "ही गेल्या वर्षीची आहे." भंगारवाला म्हणाला, "अहो, उन्हाने फिकी पडलीय, दिसत नाही का?" त्यावर ती म्हणाली, "म्हणूनच. काच उन्हाने फिकी पडत नाही. फार तर तिची चकाकी मरते." त्या दिवसापासून तिच्याकडे माणसे येऊ लागली.

तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मूळ पाटीची भोके मुलामा चढवण्याआधी पाडलेली असतात, म्हणून भोकाच्या आतल्या कडेलाही काच सापडते. नकलेत भोक नंतर पाडतात आणि त्याच्याभोवती कपचे उडतात. जुना गंज काळपट व घट्ट असतो. मिठाच्या पाण्याने आणलेला गंज बोटावर नारिंगी पूड होऊन येतो. नक्कल करणारा हातोडीने टवके उडवतो तेव्हा ते दिसायला छान जागी उडवतो. खऱ्या पाटीला टवके पडतात ते स्क्रू आवळणाऱ्याच्या घाईने आणि चाकाखालून उडालेल्या खड्याने. "खोटं बोलणाऱ्याला पुढची बाजू पाठ असते," ती म्हणते. "पाठीमागची बाजू कुणी पाठ करत नाही."

शहरात रस्ते आणि वाहने यांचे नवे संग्रहालय निघाले तेव्हा तिथल्या अभिरक्षकाने तिला तीन दिवस बोलावून हे सारे लिहून घेतले. अभिरक्षक म्हणजे वस्तूंची पारख आणि निगा राखणारा अधिकारी. तिशीतला, नीटनेटका, ऐकून घेणारा. तिच्या सांगण्यातून सतरा मुद्द्यांची यादी तयार झाली. ज्ञान हातांतून कागदावर आले याचा तिला अभिमान वाटला, आणि तो वाटावा असेच ते काम होते. यादीतला अकरावा मुद्दा ओघळांचा होता. या गोष्टीचे सारे त्या मुद्द्यावर अवलंबून आहे.

पत्रा पहिल्या काळ्या अस्तराच्या हौदात बुडवून दांडीवरच्या आकड्यांना टांगत. अस्तर निथळे आणि त्याचे ओघळ पाठीवर राहून जात. लाल करकोचा हे चिन्ह असलेल्या तेल कंपनीची पाटी वरून कमानदार आणि खालून सरळ असे. ती नेहमी कमानीकडून टांगायची, असा कारखान्याचा दंडक होता. म्हणजे ओघळांचा जाड काठ खाली जाई आणि तिथल्या काळ्या पट्ट्यात लपे. म्हणून मुद्दा अकरा असा: करकोच्याच्या पाटीच्या पाठीवरील ओघळ कमानीकडून सरळ कडेकडे गेलेले असतात. उलटे असतील तर पाटी नक्कल समजावी.

त्या सकाळी एक गृहस्थ तिच्या दाराशी आले. हातात संग्रहालयाचे पत्र होते. शहराबाहेरच्या जुन्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांनी पंप चालवला, पुढे त्यांनी. आता तो बंद झाला होता. पंपवाले साठी उलटलेले होते, सदऱ्याच्या खिशात अजूनही टायरची हवा मोजायचे यंत्र बाळगणारे.

घरात मावशी आणि तिची थोरली बहीण अशा दोघीच राहतात. थोरलीला सगळे अक्का म्हणतात. तीही त्याच कारखान्यात होती. दार अक्काने उघडले. पाहुण्यांना बसवले, मग परत जाऊन कडी नीट लागली की नाही ते पाहिले, आणि बसण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहिले.

"मावशी, मला त्याचं काही नको," पंपवाले म्हणाले. "मी पाटी फुकट दिली होती. भिंतीवर लावा नाहीतर तळघरात टाका. पण हे वाचा."

पत्र नम्र होते. पाठीवरील ओघळ सरळ कडेकडून कमानीकडे गेलेले असल्याने सदर पाटी मूळ कारखान्यातील नसून अलीकडची प्रतिकृती असल्याचे निदर्शनास आले आहे; तरी ती परत न्यावी.

"वडिलांनी स्वतः कंपनीच्या गाडीतून उतरवून घेतली होती," पंपवाले म्हणाले. "मी दहा-बारा वर्षांचा होतो, खाली उभा राहून स्क्रू देत होतो. आता हा शिकलेला माणूस सांगतो की बापाने नकली पाटी लावली. ते गेले, त्यांना काही विचारता येत नाही. मला विचारा ना. मी खोटं बोलतोय का?"

"मागचा फोटो आहे?" मावशीने विचारले.

त्यांनी मोबाईल पुढे केला. मावशीने चष्मा कपाळावर सारला आणि फोन नाकाजवळ नेला. काळ्या अस्तरावरचे ओघळ थेट वर, कमानीकडे धावत होते. एक, दोन, सात, नऊ. सरळ कडेपासून निघालेले, कमानीच्या गोलाईत एकमेकांकडे झुकत गेलेले. ती उठून उभी राहिली. मग बसली. मग पुन्हा उठली.

"काय झालं?" अक्काने विचारले. "मुंगी चावली का?"

"चप्पल कुठेय माझी?"

"पायात आहे."

"चला," मावशी पंपवाल्यांना म्हणाली. "आत्ताच. गाडी आणलीय ना? आणि पाटी कुठे आहे, तिथेच का?"

"तिथेच. पण मावशी, खरी आहे का ते तरी सांगा."

"सांगते. तिथे सांगते."

अक्काही निघाली. एकटी गेलीस तर छत्री विसरशील, चष्मा विसरशील आणि डोकंही तिथेच ठेवून येशील, असे ती म्हणाली. दाराचे कुलूप तिने लावले, ओढून पाहिले. चार पावले गेली, परत आली, पुन्हा ओढून पाहिले. पंपवाले गाडी सुरू करून थांबले होते.

"अक्का, कुलूप घाबरलं असेल आता," ते म्हणाले.

"घाबरू दे. घाबरलेलं कुलूप नीट लागतं."

या सवयीला घरात कुणी हसत नाही. ती पन्नास वर्षांची आहे आणि तिचा उगम मावशीला ठाऊक आहे. गाडीत मावशी खिडकीशी बसली होती. पन्नास वर्षांत तिने हजारो पाट्यांची पाठ पाहिली होती, आणि प्रत्येक पाठ उलटवताना तिच्या मनात एकच आशा असे आणि तीच भीती असे. आज ती पाठ समोर आली होती. तिला हसू येत होते, आणि शेजारी अक्का शांतपणे तिच्या पदराचे टोक दारातून आत ओढून घेत होती.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत उत्तरेकडच्या खिडकीखाली लांब टेबल होते. त्यावर घोंगडी अंथरून पाटी ठेवली होती. पंपवाल्यांच्या वडिलांनी कडा सडू नयेत म्हणून तिच्याभोवती लोखंडी चौकट ठोकली होती, आणि कडांबरोबर चारही भोके त्या चौकटीखाली गेली होती. चौकट रिवेट मारून पक्की केलेली. ती कधीच उघडली गेली नव्हती.

अभिरक्षकाने उभे राहून नमस्कार केला. तो थोडा अवघडला होता. ज्या बाईंकडून शिकलो त्यांच्याच समोर आपला निर्णय ठेवायचा, हा प्रसंग कुणालाही सोपा नसतो.

मावशीने डोळे मिटले आणि करकोच्याच्या लाल पंखावरून बोट पांढऱ्यावर नेले. पायरी होती. पंखाच्या टोकाशी ती थोडी जाड झाली होती. तिथे स्टेन्सिलचा कागद नेहमी उचलला जाई. तिने मधोमध पेराने टकटक केली. आवाज बसका आला, जाड पत्र्याचा. कमानीजवळच्या टवक्यावर तिने ओले बोट घासले आणि उजेडात धरले. बोट स्वच्छ होते.

"हे सगळं मीही पाहिलं," अभिरक्षक म्हणाला. "भोकं चौकटीखाली आहेत, पण बाकी सगळे मुद्दे जुळतात. म्हणूनच मला जास्त संशय आला. एवढी चांगली नक्कल करणारा माणूस एकच चूक करतो, कारण त्याने कारखाना पाहिलेला नसतो. ओघळ तर खोटं बोलणार नाहीत. ही पाटी कमान खाली करून टांगली होती. अकरावा मुद्दा तुमचाच आहे, मावशी."

"माझाच आहे. आणि खरा आहे."

पंपवाल्यांचा चेहरा उतरला.

"फक्त मी तो पुरा सांगितला नव्हता," मावशी म्हणाली. "एका दिवशी बारा पाट्या उलट्या टांगल्या गेल्या. कमान खाली, सरळ कड वर. ओघळ भाजून निघाले तेव्हा मुकादमाच्या लक्षात आलं. पण पुढची बाजू निर्दोष होती आणि कंपनीची गाडी दारात उभी होती. बाराच्या बारा गेल्या."

अक्का खुर्चीत सावरून बसली. "माझी दांडी," ती अभिरक्षकाला म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माणूस आपली जन्मतारीख सांगतो तसे ती सांगत होती. "सात नंबरची. त्या दिवशी माझ्या अंगात ताप होता. मुकादमाने विचारलं, सात नंबर कुणाचा, मी हात वर केला. तेव्हापासून मला टांगायला दिलं नाही. तेजाबाच्या टाकीवर टाकलं, पत्रे धुवायला. चार वर्षं. हा खोकला तिथलाच. पण चूक ती चूक. तापात माझा हात उलटा पडला."

अभिरक्षक हळूच म्हणाला, "अक्का, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण संग्रहालयाला सांगोवांगीवर नोंद करता येत नाही. उद्या कुणीही उलट्या ओघळांची नक्कल करील आणि म्हणेल, ही त्या बारांतली."

"बरोबर बोललास," मावशी म्हणाली. तिने टेबलावरचा कागद ओढला. "म्हणून मी आधी लिहून देते. चौकटीखाली काय आहे ते. मग चौकट उघडा. चुकले तर माझी सगळी यादी फाडा, आणि आजवर मी खरी म्हटलेली प्रत्येक पाटी पुन्हा तपासा."

तिने लिहिले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेली. एक: आकड्यांच्या खुणा सरळ कडेच्या भोकांवर असतील, कमानीच्या भोकांवर नसतील. दोन: कमानीच्या कडेला अस्तराचा जाड काठ असेल. मग ती थांबली. पेन कागदावरच राहिले.

"तीन," ती म्हणाली. "सरळ कडेच्या डाव्या भोकाशेजारी अंगठ्याचा ठसा असेल. त्यातून एक तिरकी रेघ गेलेली असेल."

"अंगठा?" अक्काने विचारले. "पत्रा तर दोन्ही हातांनी कडेला धरायचा. अंगठा अस्तराला लागायचाच नाही."

"नीट टांगला तर नाही लागायचा."

"मग कुणाचा?"

मावशीने डावा हात टेबलावर उताणा ठेवला. अंगठ्याच्या पेरावरून एक पांढरी रेघ तिरकी गेली होती. कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात पत्र्याच्या धारेने झालेली जखम. तेव्हा तिच्यावर पट्टी अक्कानेच बांधली होती.

"कमानीची भोकं एकमेकांच्या फार जवळ होती," मावशी बोलू लागली, आणि आता ती भराभर बोलत होती. "पत्रा तिरका करून एकेक आकडा अडकवावा लागायचा. तू भिंतीला टेकून बसली होतीस, डोळे मिटून, तापाच्या गुंगीत. अर्धी दांडी तू भरली होतीस, ती बरोबर होती. उरलेली मी भरली. माझ्या लक्षात आलं की सरळ कडेच्या भोकांत आकड्यांमध्ये असतं तेवढंच अंतर आहे. एका हाताने धरलं की दोन्ही आकडे एकदम बसतात. मला वाटलं, मी युक्ती शोधली. एकोणीस वर्षांची होते. बारा पत्रे इतक्या झटपट टांगले की मला वाटलं, मुकादम पाठ थोपटेल."

अक्काने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"त्याने विचारलं तेव्हा मी नवी होते, मला लगेच काढून टाकलं असतं. तू हात वर केलास. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते."

पंपवाले चौकटीकडे पाहत होते. हे काम आता त्यांच्या हातात होते आणि तेही सोपे नव्हते. ती चौकट त्यांच्या वडिलांनी स्वतः ठोकली होती. खाली काही निघाले नाही, तर वडिलांच्या शब्दाबरोबर त्यांच्या हातची वस्तूही जाणार होती.

"उघडा," ते म्हणाले. "मीच उघडतो. गाडीत छिन्नी आहे."

पाटी पालथी घालून त्यांनी पहिल्या रिवेटला छिन्नी लावली. सहाव्यापर्यंत ते घामाघूम झाले होते आणि अभिरक्षक कोट काढून चौकट धरून उभा होता. सरळ कडेची पट्टी करकरत सुटली. पन्नास वर्षांचा गंज काळपट खपल्यांनी घोंगडीवर सांडला. अभिरक्षकाने मऊ ब्रशने कड झाडली, भिंग लावले आणि वाकला.

"आकड्यांच्या खुणा," तो म्हणाला. "दोन्ही भोकांवर." त्याचा आवाज बदलला होता. "कमानीकडचं काढा. लवकर काढा."

कमानीची पट्टी निघाली. तिथली भोके कोरी होती, आणि कडेला अस्तराचा काठ गोगलगायीसारखा जाड होता. अभिरक्षक टेबलाला वळसा घालून जवळजवळ धावतच परत आला. डाव्या भोकाशेजारची जागा त्याने ओल्या कापसाने पुसली. एकदा, दोनदा. काळ्या काचेत वळ्या दिसू लागल्या. अंगठ्याच्या वळ्या, जणू आत्ताच कुणी हात काढून घेतला असावा अशा स्वच्छ. आणि त्यांना छेदून गेलेली एक तिरकी रेघ.

"आहे," तो म्हणाला. मग पुन्हा, लहान मुलासारखा, "आहे, आहे."

पंपवाले खाली बसले. घोंगडीच्या टोकाने त्यांनी तोंड पुसले आणि गंज तोंडाला लागला, तरी त्यांना ते कळले नाही. "मी म्हटलं नव्हतं?" ते कुणालाच न उद्देशून म्हणाले. "गाडीतून उतरवली होती."

अक्का उठली. तिने अभिरक्षकाच्या हातातून भिंग घेतले, बहिणीचा डावा हात धरला, अंगठा खिडकीच्या उजेडात वळवला आणि पाहिला. मग ठसा पाहिला. मग पुन्हा अंगठा. एखादी पाटी भाजून आल्यावर कारखान्यात जसे तपासत, तसे तिने तो तपासला.

"म्हणजे ती मी नव्हतेच," ती म्हणाली.

"नव्हतीस."

"तापातही माझा हात उलटा पडला नव्हता."

"नाही. तुझी अर्धी दांडी बरोबर होती."

"आणि तू घरी गेल्यावर सांगणार होतीस."

"त्याच संध्याकाळी."

"फारच लांबली तुझी संध्याकाळ," अक्का म्हणाली.

आपण सहसा असे मानतो की खोटे म्हणजे बोललेली गोष्ट. या पाटीने वेगळे दाखवले. मावशीने अकरावा मुद्दा सांगितला त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी त्या मुद्द्याने एका खऱ्या वस्तूला नकली ठरवले, एका मृत माणसाला लबाड ठरवले, आणि न बोललेल्या दोन वाक्यांनी एका कसबी कामगार बाईला पन्नास वर्षे स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लावले. पारखीला जे कळते ते तिने पुरे सांगायचे असते. मावशीने त्या दिवशी अभिरक्षकाकडून यादी मागून घेतली, अकराव्या मुद्द्याखाली त्या बारा पाट्यांची हकीगत लिहिली, आणि चूक कुणाची या रकान्यात स्वतःचा अंगठा उमटवला. असा रकाना यादीत नव्हता. तो तिने आखून घेतला.

परतताना गाडीत अक्का खिडकीबाहेर पाहत होती. पंपवाल्यांचे बोलणे मात्र थांबत नव्हते. पाटी कुठल्या भिंतीवर लागणार, तिच्याखाली वडिलांचे नाव कसे लिहिणार, हे त्यांनी तीनदा सांगितले. घराजवळच्या वळणावर अक्का एकदम म्हणाली, "बारा होत्या ना?"

"बारा."

"मग अकरा राहिल्या." ती पंपवाल्यांकडे वळली. "उद्या सकाळी गाडी घेऊन या. जुन्या रस्त्यावर जेवढे पंप आहेत, चालू असोत की बंद, सगळे बघू."

"अक्का, या वयात पाट्या उलट्या करत फिरायचं?"

"उलट्या हिने केल्यात. मला फक्त मोजायच्यात."

घरी आल्यावर तिने चहा केला. कप आणून ठेवले, खुर्चीत बसली, पाय लांब केले आणि फुंकर घालून पहिला घोट घेतला. मावशी तिच्याकडे पाहत राहिली. काहीतरी वेगळे झाले होते आणि ते काय, हे कळायला तिला क्षणभर लागला. अक्का स्वयंपाकघरातून एकदाच बाहेर आली होती.

"अक्का, गॅस बंद केलास?"

"मला काय विचारतेस?" अक्का म्हणाली. "पन्नास वर्षं मी तपासला. आता तू तपास."

मावशी उठून आत गेली. बटण बंद होते. ती येऊन बसली, कप उचलला, खाली ठेवला आणि पुन्हा उठली.

"दोनदा पुरे," अक्काने मागून सांगितले. "तिसऱ्यांदा गेलीस तर चहा गार होईल."